हवेवर चालणारा गॅस-टू-लिक्विड प्लांट: नायट्रोजनसकट आराखडा कागदावर कसा मांडायचा

नागपुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की कुणीतरी ‘गॅस-टू-लिक्विड’, म्हणजे नैसर्गिक वायूपासून द्रव इंधन करणं, हा विषय उचलतंच. विषय भारदस्त आहे आणि माहितीही भरपूर मिळते. मग कतारमधल्या रास लफानच्या पर्ल प्लांटचा फ्लोशीट समोर ठेवून त्याची लहान आवृत्ती काढायला सुरुवात होते. पर्ल दिवसाला १,४०,००० बॅरल कृत्रिम द्रव इंधन काढतो आणि त्यासाठी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी आठ अजस्र युनिटं बाळगतो. हे सगळं हजारपट लहान करायला गेलं की ऑक्सिजन युनिटची किंमत त्या प्रमाणात उतरत नाही, आणि प्रकल्प तिथेच बसतो.

दुसरी वाट अशी की ऑक्सिजन वेगळा काढायचाच नाही. सरळ हवा दाबून आत सोडायची आणि जो सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) तयार होईल तो नायट्रोजनने पातळ झालेला आहे हे मान्य करून पुढे जायचं. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या सिंट्रोलियम कंपनीने नेमका हाच मार्ग धरला होता. टल्साजवळ कटूसाला त्यांचा दिवसाला सुमारे ७० बॅरलचा प्रात्यक्षिक प्लांट होता, आणि सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकी हवाई दलाने बी-५२ विमान उडवून पाहिलं ते याच कंपनीचं इंधन नेहमीच्या जेट इंधनात निम्मं मिसळून.

या लेखात तो आराखडा कागदावर पायरीपायरीने मांडला आहे. हे कागदापुरतंच ठेवायचं. शेडमध्ये करून बघायचा हा उद्योग नाही. २५ बार दाब, हजार अंश तापमान आणि वास नसलेला विषारी वायू, तिन्ही एकाच ठिकाणी आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक रिपोर्ट इथेच घसरतात. हवा की ऑक्सिजन हा निर्णय रिफॉर्मरमध्ये, म्हणजे मिथेनचा सिनगॅस होतो त्या भांड्यात, ठरत नाही; प्लांटच्या अगदी शेवटी, टेल गॅसमध्ये, म्हणजे तेल काढून उरलेल्या वायूत ठरतो. म्हणून मोलांच्या तक्त्यात नायट्रोजनची ओळ पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत ओढत न्या. ‘निष्क्रिय आहे, सोडून देऊ’ असं म्हणू नका. नायट्रोजन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असेल, खर्चाच्या दृष्टीने अजिबात नाही.

पहिली पायरी: पाया ठरवा, गंधक काढा

हिशेबासाठी १०० मोल मिथेन हा पाया घ्या आणि प्लांटचा आकार दिवसाला १ लाख प्रमाण घनमीटर वायू. हा आकार मुद्दाम लहान आहे, कारण हवेच्या मार्गाला अर्थ आहे तो लहान प्लांटमध्येच. खऱ्या वायूत इथेन-प्रोपेन असतात. ते जास्त असतील तर रिफॉर्मरच्या आधी ४५०–५०० अंशांवर निकेलचा प्री-रिफॉर्मर लागतो. पहिल्या हिशेबात शुद्ध मिथेन धरलं तरी चालेल.

गंधक मात्र सोडता येत नाही. पुढे सिनगॅसचं तेल करणाऱ्या फिशर-ट्रॉप्श रिअॅक्टरमध्ये जो कोबाल्ट उत्प्रेरक आहे त्याला गंधक अब्जात मोजक्या भागांपुरतंच चालतं. शहरगॅसला वास यावा म्हणून मिसळलेलं मरकॅप्टन हेही गंधकच. आधी हायड्रोजनसोबत त्याचं हायड्रोजन सल्फाइड करायचं, मग ३५०–४०० अंशांवर झिंक ऑक्साइडच्या थरातून वायू न्यायचा. वायूत १० पीपीएम गंधक धरलं तर आपल्या प्लांटमध्ये रोज १.४ किलोच्या आसपास गंधक येईल. झिंक ऑक्साइड स्वतःच्या वजनाच्या २० टक्के गंधक धरतो असं मानलं तर वर्षाला अडीच टन झिंक ऑक्साइड लागेल. एवढं लिहा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: हवेचा कॉम्प्रेसर, नागपूरच्या मे महिन्यात

मिथेनच्या प्रत्येक मोलला ०.६५ मोल ऑक्सिजन धरू. हवेत ऑक्सिजनच्या एका मोलमागे ३.७६ मोल नायट्रोजन येतो. म्हणजे १०० मोल मिथेनला ६५ मोल ऑक्सिजन, सोबत २४४ मोल नायट्रोजन, एकूण ३०९ मोल हवा.

ही हवा २५ बारपर्यंत दाबायची. तीन टप्पे, मध्ये गारवा, ८० टक्के कार्यक्षमता आणि ३५ अंशांची हवा धरली तर मोलमागे साधारण १२ किलोज्यूल लागतात. सगळा हिशेब जुळवला की १ लाख घनमीटरच्या प्लांटला सुमारे १.८ मेगावॅट. तुलनेला ऑक्सिजनचा मार्ग घ्या. रोज ८८ टन ऑक्सिजन लागेल, आणि तो वेगळा करून दाबायला किलोमागे ०.३५ ते ०.४ युनिट वीज धरली तर १.३ ते १.५ मेगावॅट. म्हणजे हवा वापरून विजेची बचत होते हा समज चुकीचा आहे. बचत होते ती ऑक्सिजन युनिटच्या भांडवलाची.

आणि एका धोक्याचीही. मलेशियात बिंतुलूचा शेल कंपनीचा गॅस-टू-लिक्विड प्लांट १९९३ साली सुरू झाला; २५ डिसेंबर १९९७ ला तिथल्या ऑक्सिजन युनिटमध्ये मोठा स्फोट झाला. त्या वर्षी जंगलांच्या वणव्यांचा धूर सगळ्या प्रदेशावर पसरला होता. धुरातले ज्वलनशील कण शुद्धीकरणातून निसटून आत द्रव ऑक्सिजनपाशी साठत गेले. प्लांट पुन्हा सुरू व्हायला २००० साल उजाडलं. उन्हाळ्यात धूळ आणि तणस जाळल्याचा धूर असलेल्या कुठल्याही जागी ऑक्सिजन युनिट सुचवताना ही घटना रिपोर्टमध्ये असायला हवी.

आता नागपूरची खास अडचण. कॉम्प्रेसरच्या पत्रकातली क्षमता बहुधा १५ अंश आणि समुद्रसपाटी धरून दिलेली असते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं वर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ गाठतो, कधी ४७ च्याही वर जातो. ४५ अंशांना आणि या उंचीवर तेवढ्याच आकारमानात साधारण १३ टक्के कमी हवा भरते. यंत्र तेच, मोटर तीच, पण ऑक्सिजन कमी. म्हणजे मे महिन्यात एक तर वायूचा पुरवठा १३ टक्क्यांनी कमी करा, नाहीतर कॉम्प्रेसर मोठा घ्या, नाहीतर आत जाणारी हवा गार करा. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी उडवून हवा गार करण्याची युक्ती इथे छान चालते. जुलैत ती निरुपयोगी, पण तेव्हा गरजही कमी. कूलर कधी लावायचा आणि कधी काढून ठेवायचा हे नागपूरकराला शिकवायला नको.

तिसरी पायरी: रिफॉर्मरचा समतोल

ऑटोथर्मल रिफॉर्मर, म्हणजे एटीआर, हे आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर असलेलं उभं भांडं. वर बर्नर, खाली निकेल उत्प्रेरकाचा थर. वरच्या भागात मिथेनचा काही भाग जळतो, आणि त्या उष्णतेवर खाली उरलेल्या मिथेनची वाफेशी प्रक्रिया होते. तीन समीकरणं पुरतात:

मिथेन + अर्धा ऑक्सिजन → कार्बन मोनॉक्साइड + २ हायड्रोजन (३६ किलोज्यूल बाहेर)
मिथेन + पाणी → कार्बन मोनॉक्साइड + ३ हायड्रोजन (२०६ किलोज्यूल आत)
कार्बन मोनॉक्साइड + पाणी ⇌ कार्बन डायऑक्साइड + हायड्रोजन (४१ किलोज्यूल बाहेर)

बाहेर पडताना तापमान १००० अंश धरा. मिथेनचे १०० पैकी ३ मोल तसेच निसटतात असं माना. २५ बारला समतोलाचं गणित याहून थोडं कमी देतं, पण हात राखून घेतलेलं बरं. तिसऱ्या समीकरणाचा समतोलांक या तापमानाला ०.५५ धरा. वाफ ४० मोल. आता कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन या तिघांचे अणू जुळवा, कार्बन डायऑक्साइडला अज्ञात धरा, आणि एक वर्गसमीकरण सुटतं. उत्तर असं येतं:

कार्बन मोनॉक्साइड ८२ मोल
हायड्रोजन १७६
कार्बन डायऑक्साइड १५
मिथेन ३
नायट्रोजन २४४
पाण्याची वाफ ५८

पाणी गाळून टाकलं की ५२० मोल कोरडा वायू उरतो आणि त्यात जवळजवळ ४७ टक्के नायट्रोजन. कामाचे दोन वायू मिळून निम्मे. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं गुणोत्तर २.१५, कोबाल्टला हवं तसं.

वाफ ४० ऐवजी ६० मोल घेऊन हेच गणित पुन्हा करा. गुणोत्तर २.२७ होतं, म्हणजे हायड्रोजन गरजेपेक्षा जास्त. कमी वाफ बरी वाटते, पण वाफ कमी केली की बर्नरपाशी काजळी धरण्याचा धोका वाढतो. ऑक्सिजनवर चालणाऱ्या एटीआरमध्ये मिथेनच्या मोलमागे ०.६ मोल वाफ हे प्रमाण उद्योगात रुळलेलं आहे. ०.४ वापरायचं असेल तर बर्नर पुरवणाऱ्याची लेखी हमी लागेल असं रिपोर्टमध्ये नमूद करा. परीक्षक इथे हमखास बोट ठेवतात.

उष्णतेचा समतोल स्वतः करा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. १०० मोल मिथेनमागे अभिक्रियांतून सुमारे १२,००० किलोज्यूल बाहेर पडतात. बाहेर येणारा सगळा वायू १००० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १८,३०० लागतात. तूट ६,३०० च्या आसपास. ती आत जाणारी हवा, वायू आणि वाफ ४५०–५०० अंशांना तापवून भरून काढायची. आता त्या १८,३०० मधला नायट्रोजनचा वाटा काढा: ७,५००, म्हणजे ४१ टक्के. जो वायू काहीच करत नाही त्याला हजार अंशांपर्यंत नेण्यात दहातले चार भाग उष्णता जाते. त्यातली बरीचशी पुढे बॉयलरमध्ये परत मिळते, पण त्यासाठी बॉयलर मोठा घ्यावा लागतो. ऑक्सिजनच्या मार्गात याच ठिकाणी ३३४ मोल वायू असता. इथे ५७८ आहे.

चौथी पायरी: थंड करताना

१००० अंशांचा वायू वेस्ट हीट बॉयलरमधून खाली आणताना ४५० ते ८०० अंशांचा पट्टा जपायचा. कार्बन मोनॉक्साइडने भरलेला वायू या पट्ट्यात पोलादात कार्बन घुसवतो आणि धातूचा भुगा होत जातो. याला मेटल डस्टिंग म्हणतात. नळ्यांच्या तोंडाशी अस्तर किंवा योग्य मिश्रधातू, एवढं तरी चित्रात दिसू द्या.

हवेच्या मार्गाची आणखी एक खोड आहे. नायट्रोजन पूर्ण निष्क्रिय नसतो. रिफॉर्मरमध्ये त्याचा थोडा अंश अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड बनतो. प्रमाण किरकोळ, पण कोबाल्टला दोन्ही बाधतात. म्हणून पाणी गाळल्यावर वायू पुन्हा पाण्याने धुवायचा आणि फिशर-ट्रॉप्श रिअॅक्टरच्या तोंडाशी राखण थर, म्हणजे उरलीसुरली अशुद्धी पकडणारा थर, ठेवायचा. ऑक्सिजन प्लांटचं फ्लोशीट बघून काढलेल्या आराखड्यात हा वॉशर बहुतेक वेळा गायबच असतो.

पाचवी पायरी: फिशर-ट्रॉप्श

फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत म्युल्हाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत ही अभिक्रिया उभी केली. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन उत्प्रेरकावर येऊन कार्बनची साखळी एकेक दुवा वाढवत नेतात, आणि प्रत्येक दुव्यामागे पाण्याचा एक रेणू सुटतो. तापमान २१० ते २३० अंश, दाब आपल्याकडे वाटेतली घट वजा जाता २० बार.

पातळ सिनगॅसचा पहिला फटका इथे बसतो. २० बारमध्ये कामाच्या वायूंचा आंशिक दाब फक्त ९.९ बार, ऑक्सिजन मार्गात तो १८.७ असता. अभिक्रियेचा वेग कमी, म्हणजे तेवढ्याच तेलाला उत्प्रेरक जास्त आणि रिअॅक्टर मोठा.

त्या बदल्यात काय मिळतं? पुस्तकांतून एक वाक्य फिरत असतं की नायट्रोजन उष्णता वाहून नेतो, त्यामुळे रिअॅक्टर थंड ठेवणं सोपं. आकडे घालून बघू. एकूण ८५ टक्के कार्बन मोनॉक्साइड वापरला गेला तर १०० मोल मिथेनमागे सुमारे ११,००० किलोज्यूल उष्णता सुटते. २४४ मोल नायट्रोजनने २० अंश तापमानवाढ सोसली तर तो १४० किलोज्यूल नेतो, म्हणजे सव्वा टक्का. उरलेल्यासाठी वाफेच्या नळ्या लागतातच. खरा फायदा वेगळा आहे. थंड न करता सगळी अभिक्रिया होऊ दिली तर ऑक्सिजन मार्गात तापमान जितकं चढेल त्याच्या जेमतेम निम्मं इथे चढतं, आणि घनमीटरमागे सुटणारी उष्णताही कमी. म्हणजे रिअॅक्टर बिथरला तरी सावरायला वेळ मिळतो. लहान प्लांटला, जिथे पाळीत दोन-तीन माणसं असणार, हे महत्त्वाचं आहे.

दुसरा फायदा पाण्याचा. पहिल्या रिअॅक्टरमध्ये ६० टक्के रूपांतर झाल्यावर वाफेचा आंशिक दाब इथे सव्वादोन-अडीच बार असतो. ऑक्सिजन मार्गात तो साडेपाचपर्यंत जातो. पाण्याची वाफ वाढली की कोबाल्ट लवकर थकतो.

आता मुख्य अडचण. ऑक्सिजन मार्गात न वापरलेला वायू परत फिरवून रूपांतर वाढवता येतं. इथे परत फिरवायला जाल तर प्रत्येक फेरीत नायट्रोजन साठत जाईल. म्हणून वायू एकदाच पुढे जातो आणि रिअॅक्टर दोन ठेवायचे: पहिल्यात ६० टक्के, मग थंड करून पाणी-तेल गाळायचं, पुन्हा तापवून दुसऱ्यात उरलेल्यापैकी ६२.५ टक्के. एकूण ८५.

उत्पादन असं धरा: वापरल्या गेलेल्या कार्बनपैकी ८३ टक्के सी-५ प्लस, म्हणजे पाच कार्बन किंवा त्याहून लांब साखळ्या, ८ टक्के मिथेन, ९ टक्के मधले हलके वायू. ८२ मोलपैकी ६९.७ वापरले गेले, त्यातले ५७.९ तेलात आले. म्हणजे वायूतल्या कार्बनचे ५८ टक्के द्रवात. १०० मोल मिथेन म्हणजे १,६०० ग्रॅम. त्यातून ८१० ग्रॅम तेल-मेण. दिवसाचा हिशेब: १ लाख घनमीटर वायूतून ३४ टन, ४४ ते ४५ किलोलिटर, २८० बॅरल. एका बॅरलला साडेबारा हजार घनफुटांहून थोडा जास्त वायू लागतो. ऑक्सिजन मार्गाचा ढोबळ आकडा दहा हजारांचा असतो, म्हणजे आपलं उत्तर जिथे पडायला हवं तिथेच पडलं आहे.

साखळ्यांची वाटणी अँडरसन-शुल्झ-फ्लोरीच्या सूत्राने काढा. साखळी पुढे वाढण्याची शक्यता अल्फा. अल्फा ०.८ असेल तर वजनाने फक्त ६ टक्के मेण (२१ कार्बनच्या पुढचं), ०.९ असेल तर ३६ टक्के, ०.९५ असेल तर ७२. डिझेलच हवं असलं तरी अल्फा उंच ठेवायचा, कारण मेण नंतर तोडता येतं, पण हलक्या वायूंचं पुन्हा डिझेल करता येत नाही. आणि मिथेनसाठी हे सूत्र वापरू नका. कोबाल्टवर मिथेन सूत्रापेक्षा बराच जास्त पडतो. म्हणूनच वर ८ टक्के वेगळे धरले.

सहावी पायरी: नॅफ्था निसटतो कुठे

नॅफ्था म्हणजे तेलातला पेंटेन-हेक्झेनसारखा हलका भाग. ही पायरी रिपोर्टमध्ये एका चौकटीत उरकली जाते आणि पैसा इथेच गळतो. दुसऱ्या रिअॅक्टरनंतर वायू एअर कूलरने गार करायचा म्हटलं तर नागपूरच्या मे महिन्यात ५५–६० अंशांच्या खाली उतरणं कठीण. ५५ अंशांना पेंटेनचा बाष्पदाब दोन बारच्या आसपास, हेक्झेनचा ०.६ हून थोडा जास्त. समोर ३१० मोल वायू वाहतो आहे आणि द्रव जेमतेम पाच मोल. पेंटेन जवळजवळ सगळं आणि हेक्झेनचा मोठा भाग त्या वायूवर स्वार होऊन निघून जातो. नायट्रोजन नसता तर वायूच कमी, म्हणून नुकसानही कमी.

उपाय दोन: शीतकरण करून १० अंशांपर्यंत उतरवा, किंवा त्याच प्लांटच्या जड तेलाने वायू धुऊन नॅफ्था शोषून घ्या. मला दुसरा बरा वाटतो. यंत्र साधं, वीज कमी, आणि उन्हाळ्याचा जाच थोडा हलका होतो. दोन्ही नको असतील तर सी-५ प्लसचा आकडा प्रामाणिकपणे खाली आणा.

सातवी पायरी: टेल गॅस

इथे सगळा निकाल लागतो. १०० मोल मिथेनमागे उरलेला वायू मोजा: नायट्रोजन २४४, हायड्रोजन २८, कार्बन डायऑक्साइड १५, कार्बन मोनॉक्साइड १२, मिथेन ८.६, मधले हलके वायू सुमारे २. एकूण ३१०, त्यात ७९ टक्के नायट्रोजन. गंमत बघा, हवेतही साधारण तेवढाच असतो.

याचा उष्मांक नॉर्मल घनमीटरला ३ मेगाज्यूल, मिथेनच्या बाराव्या हिश्शाएवढा. पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीच्या वायूचा उष्मांकही साधारण इतकाच असतो आणि तो बॉयलरमध्ये जाळतात, म्हणजे हा वायू जळवता येतो. पण साध्या गॅस इंजिनला किंवा नेहमीच्या टर्बाइनला तो चालणार नाही. खास बर्नर आणि ज्योत टिकवायला थोडा चांगला वायू लागतो.

आकारमानही लक्षात घ्या. दिवसाला १ लाख घनमीटर वायू आत, आणि तीन लाख घनमीटरहून जास्त टेल गॅस बाहेर. त्यात वायूच्या मूळ ऊर्जेचा चौथा हिस्सा आहे. तो वाया घालवला तर तेलात आलेल्या ४४-४५ टक्के ऊर्जेवर प्रकल्प उभा राहत नाही. वापरला तर सुमारे साडेदहा मेगावॅट उष्णता, बॉयलर-टर्बाइनने २५ टक्के धरली तरी २.६ मेगावॅट वीज. कॉम्प्रेसरला १.८ हवी होती. म्हणजे प्लांट स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि पंप, कूलिंग यांच्यापुरतं उरतं. शिवाय हा वायू अजून १७-१८ बारला आहे. तो तापवून एक्सपांडरमधून (वायूच्या दाबावर फिरणाऱ्या टर्बाइनमधून) सोडला तर कॉम्प्रेसरला घातलेल्या कामाचा काही भाग परत मिळतो.

ज्या जागी या वाफेला किंवा विजेला काम नाही, तिथे हवेचा मार्ग सुचवू नये असं माझं मत आहे.

मेण तोडणं आणि पाणी

मेण ३३०–३७० अंशांवर हायड्रोजनच्या दाबाखाली तोडतात. हायड्रोजन मेणाच्या वजनाच्या टक्काभर लागतो. पण आपल्या सिनगॅसमध्ये तो फक्त ३४ टक्के आणि बाकी नायट्रोजनची गर्दी, त्यामुळे त्यातून शुद्ध हायड्रोजन काढणं महाग पडतं. छोटा स्टीम रिफॉर्मर वेगळा दाखवा. डिझेलमध्ये गंधक जवळपास शून्य आणि सीटेन (डिझेल किती सहज पेटतं त्याचा अंक) ७० च्या पुढे, तर बीएस-६ या इंधन मानकाला ५१ पुरतो. घनता मात्र ०.७७–०.७८, मानकातल्या किमान घनतेपेक्षा कमी. म्हणून ते एकटं न विकता नेहमीच्या डिझेलमध्ये मिसळायचं.

पाणी तेलाच्या दीडपट निघतं, दिवसाला सुमारे ५३ टन. त्यात अल्कोहोल आणि आम्लं विरघळलेली असतात. रिफॉर्मरनंतर गाळलेलं आणखी ४४ टन. वाफेला ३० टन पुरतात. शुद्ध केलं तर हा प्लांट पाणी देणारा ठरतो, आणि विदर्भात ही बाजू रिपोर्टमध्ये ठळक मांडण्यासारखी आहे.

सुरक्षा आणि परवाने

कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आपल्या कारखाने कायद्यात आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम आहे. आपल्या सिनगॅसमध्ये तो १५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे दीड लाख पीपीएमच्या वर. डिटेक्टर कुठे बसवणार हे आराखड्यावर खुणेने दाखवा. प्लांट बंद करताना निकेल उत्प्रेरक २०० अंशांखाली येण्याआधी कार्बन मोनॉक्साइड पूर्ण काढून टाकायचा, नाहीतर निकेल कार्बोनिल बनतो आणि तो मोनॉक्साइडपेक्षाही घातक. त्यासाठी शुद्ध नायट्रोजन लागतो. प्लांटभर नायट्रोजन असूनही यासाठी वेगळं छोटं युनिट घ्यावं लागतं, हा या प्रक्रियेचा विनोद आहे.

परवान्यांसाठी नागपूरकरांना लांब जायला नको. पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय सेमिनरी हिल्सलाच आहे. पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखाली ज्वलनांक असलेलं ते वर्ग ए, २३ ते ६५ पर्यंत वर्ग बी. आपला नॅफ्था ए मध्ये, डिझेल बी मध्ये. टाक्यांमधली अंतरं त्यावर ठरतात, म्हणून प्लॉट-प्लॅन काढण्याआधी हे वर्ग लिहून घ्या.

पैशाची कसोटी

एक लिटर द्रवाला सव्वादोन घनमीटर वायू लागतो. घनमीटर ३० रुपयांना पडला तर लिटरमागे नुसत्या वायूचे ६७ रुपये. यंत्रं, माणसं, व्याज वेगळं. तोच वायू ५ रुपयांना मिळाला तर ११ रुपये. नागपुरात वायूची विहीर नाही. इथे येणार तो मुंबई-नागपूर-झारसुगुडासारख्या वाहिनीचा, बाजारभावाने. त्या भावात हे गणित बसत नाही, आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायला हरकत नाही. हे गणित बसतं ते वाहिनी न पोचलेल्या तेलविहिरीवर, जिथे तेलासोबत आलेला वायू नाहीतर ज्योतीत जाळला जातो.

म्हणून शेवटच्या तक्त्यात तीन रकाने ठेवा: नागपूर हवेवर, विहिरीशेजारी हवेवर, विहिरीशेजारी ऑक्सिजनवर. हवेच्या दोन रकान्यांत मोलांचा तक्ता तोच राहतो. बदलतात ते कॉम्प्रेसरच्या तोंडचं तापमान, वायूचा भाव आणि टेल गॅसच्या विजेला गिऱ्हाईक आहे की नाही. तिसऱ्यासाठी नायट्रोजनची ओळ खोडून दुसऱ्या पायरीपासून गणित पुन्हा करा.